स्केलमध्ये न बसणारी घरं

कौसल्या लोणारे यांनी तेहतीस वर्षांत चारशेवर गावं काढली आणि त्यांतल्या एकाही गावात त्यांचा पाय पडला नाही.

काढली म्हणजे कागदावर. जमीनमोजणीच्या कार्यालयात त्या अनुरेखक होत्या. जुना गावनकाशा विरायला लागला, घड्यांवर तुटायला लागला, की त्याच्यावर मेणकापड ताणून बसवायचं आणि खालची एकेक रेघ काळ्या शाईनं वर उतरवून घ्यायची. शेतांचे धुरे, नाले, गाडीवाटा, विहिरी, गावाची शीव, म्हणजे हद्द. काटोल आणि नरखेड तालुक्यांतली बहुतेक गावं त्यांच्या हातून गेलेली. कोणत्या गावाचा नाला कुठं वळतो हे त्या डोळे मिटून सांगतील. पण त्या नाल्याला पाणी असतं की नुसती वाळू, हे त्यांना माहीत नाही. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्याच्यावर निंबाचं झाड असतं, त्याच्याखाली माणसं भाकर खातात, त्याच्यावरून भाऊ भावाच्या डोक्यात काठी घालतो. कौसल्याबाईंच्या लेखी धुरा म्हणजे एक रेघ. ती थरथरता कामा नये.

वडील गिरणीत होते. नोकरी लागली त्या वर्षी कौसल्याबाईंनी एका गावाची बाद झालेली प्रत साहेबांना विचारून घरी, नागपुरातल्या इंदोऱ्याला आणली होती. वडिलांनी ती दारातल्या उजेडात धरली, आडवी पाहिली, उभी पाहिली आणि विचारलं, "यात तुयं नाव कुठी आहे वं?"

कौसल्याबाईंनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. 'अनु. कौ. लो.' तिळाएवढी अक्षरं. नकाशावर नाव असायचं ते साहेबांचं. अनुरेखकानं आपली दोन अक्षरं कोपऱ्यात टाकायची, तीही चूक निघाली तर कोणाला बोलवायचं ते कळावं म्हणून.

"पुढं होईन," वडील म्हणाले होते.

पुढं झालं नाही. चारशे गावं झाली, वडील गेले, निवृत्ती आली, निरोपाला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भावाच्या घरात वरची खोली त्यांची. आणि मग चौसष्टाव्या वर्षी, मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी भाची दीक्षा एक दिवस जिना चढून वर आली आणि म्हणाली, "आत्या, आमच्या खेळाचा नकाशा तू काढ. खोक्यावर तुझं नाव छापू. पूर्ण. मोठ्या अक्षरात."

कौसल्याबाई दोन दिवस घरात कोणाशी नीट बोलल्या नाहीत. आनंदानं माणूस मुका होतो, हे त्यांना स्वतःलाच नवीन होतं.

या खेळाच्या आधीचं थोडं सांगायला हवं. दीक्षा आणि तिचा मित्र गौरांग दर रविवारी दुपारी सीताबर्डीच्या एका गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत पटावरचे खेळ खेळतात आणि स्वतःचे तयार करतात. दहा-पंधरा मंडळी जमतात. खेळ बहुतेक बाहेरच्या देशांतले: जाड पुठ्ठ्याचा पट, त्याच्यावर डोंगर, जंगल, नद्या, आणि चार खेळाडूंनी फासे टाकून, पत्ते टाकून जास्तीत जास्त मुलूख मिळवायचा. दीक्षानं आत्याला एकदा सहज नेलं. घरी बसून काय करणार म्हणून.

कौसल्याबाईंनी पिशवीतून भिंग काढलं, पटावर धरलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना गार केलं.

"ही नदी डोंगरावर चढून राहिली," त्या म्हणाल्या. "आन् या दोन प्रांतांची शीव जुळत नाही. मधी सुतभर जागा सुटली. ती कोणाची?"

"काकू, ते छपाईत राहिलं असेल," गौरांग म्हणाला.

"छपाईत कसं राहीन? मोजणाराचं राहिलं."

मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "आन् हे सगळं रिकामं काहून आहे? इथं पह्यलं कोणीच राहत नव्हतं का?"

खोली हसली. पण कौसल्याबाई विनोद करत नव्हत्या. तेहतीस वर्षांत त्यांनी पड जमीन पाहिली होती, गायरान पाहिलं होतं, तीन पिढ्या कोर्टात अडकलेली जमीन पाहिली होती. कोणाचीच नाही अशी जमीन मात्र एकाही नकाशावर पाहिली नव्हती. आणि इथं खेळामागून खेळ, खोक्यामागून खोकं, सगळी पृथ्वी हिरवी आणि मोकळी, पहिली खुंटी ठोकेल त्याची. हे कोणत्या ऑफिसातून मंजूर झालं, त्यांना समजेना. त्या दर रविवारी यायला लागल्या आणि दर रविवारी तोच प्रश्न विचारायला लागल्या. त्यांचा प्रश्न त्या खोलीतली मजा होऊन बसला. नवीन खेळ उघडला की कोणीतरी ओरडायचं, "काकूंना विचारा, इथं पहिले कोण राहत होतं!"

गौरांगनं मात्र तो वहीत लिहून घेतला होता. त्या प्रश्नातूनच 'धुरा' झाला.

'धुरा' या खेळात जमीन रिकामी नव्हती. पटावर वीस गावं. चार खेळाडू चार बाजूंनी सुरुवात करणार, प्रत्येकाचं एक स्वतःचं गाव, आणि मधली गावं ताब्यात घेत पुढं सरकायचं. प्रत्येक गावात पाच लाकडी घरं, एक विहीर, एक शाळा, एक एसटीचा थांबा. गाव घ्यायचं तर 'मोर्चा' नावाचा पत्ता टाकून एकेका घरासाठी लढायचं. घराच्या मालकाला उलटा मोर्चा टाकता येतो. "म्हणजे लोक गप्प बसत नाहीत, भांडतात," दीक्षा आत्याला समजावून म्हणाली होती. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे हे."

नकाशा काढायला कौसल्याबाईंना चार महिने लागले. ऑफिसात असताना त्यांनी घर कधी काढलं नव्हतं. गावठाण म्हणजे गावातली राहती वस्ती. ती नकाशावर एका चौकोनात आडव्या-तिरप्या रेघा मारून दाखवायची. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एकदा हौसेनं बारीक बारीक घरं काढायला घेतली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "बाई, या स्केलला घर बसत नाही." खरंच होतं. बसत नाही. पण 'धुरा'चं स्केल त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी घरं काढली. ओसरी काढली, छपरावरचे कवेलू काढले, गोठा काढला, एका घराच्या भिंतीला टेकलेली सायकल काढली. वीस गावांत शंभर घरं, आणि एक घर दुसऱ्यासारखं नाही. कधीच न पाहिलेल्या गावांतली घरं त्यांनी कुठून आणली, देव जाणे. तसं देवावर त्यांचा विश्वास नव्हता. पण हात आपल्याआप चालत होता.

खोकं आणि पट मंगळवारी छापायला जायचे होते. त्याआधीच्या रविवारी शेवटची चाचणी, फक्त चौघांची: कौसल्याबाई, दीक्षा, गौरांग आणि आणखी एक गडी. गौरांगनं झाकणाचा नमुना आणून भिंतीला लावला होता: वर 'धुरा', खाली दोघांची नावं, आणि त्यांच्या बरोबरीच्या अक्षरात 'नकाशा: कौसल्या लोणारे'. कौसल्याबाई मेट्रोनं आल्या, जिना चढल्या आणि पहिल्यांदा झाकणापाशी जाऊन उभ्या राहिल्या. 'लोणारे'तला काना जरा जाड झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत. आज खेळ नीट झाला तर ते नाव हजार खोक्यांवर जाणार होतं.

चौथा गडी आलाच नाही. त्याच्या घरी पाहुणे आले होते. गौरांग फोनवर फोन करत होता, तेवढ्यात कवडू वर आला.

कवडू हा लाकूडकाम करणारा. खरादावर पलंगाचे पाय, पोळपाट, देव्हाऱ्याचे खांब करतो, आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी दोन महिने पोरांसाठी लाकडी नंदीबैल. 'धुरा'ची घरं, विहिरी, थांबे, सगळं त्याच्याच हातचं. वय साठीच्या आसपास, कानात भिकबाळीसारखी बारीक बाळी, हसला की वरचे दोन दात नाहीत ते दिसायचं. पिशवीभर घरं घेऊन तो दारात उभा राहिला.

"घ्या पोट्टेहो, शंभर घरं. मोजून घ्या. मागून म्हणान का कवडूनं एक घर खाल्लं."

"कवडूकाका, बसा न खेळायला," दीक्षा म्हणाली. "एक जण कमी आहे."

"मी? मले कवड्या येतात, पत्ते येतात. हे इंग्लिश खेळ नाही येत बाप्पा."

"मराठीत आहे काका," गौरांग म्हणाला. "नियम सांगतो."

कवडूनं नियम ऐकले. एकेक नियम ऐकताना तो मान हलवत होता, आणि नवव्या नियमापाशी थांबला.

"हा पुन्हा सांगा."

"नियम नऊ: ज्या गावाची विहीर, शाळा आणि थांबा, तिन्ही दुसऱ्याच्या हातात गेली, त्या गावातली घरं दोन फेऱ्यांनंतर पटावरून उचलून खोक्यात ठेवायची. तो उगाच आहे काका. पटावर गर्दी होऊ नये म्हणून. तिथपर्यंत कोणी जात नाही, त्याच्या आधीच लढाईत गाव पडतं."

"अस्सं," कवडू म्हणाला.

कौसल्याबाईंना उत्तरेचं गाव आलं. त्याच्या शेजारी पूर्वेला कवडू. पहिल्या तीन फेऱ्या सगळं गोड चाललं होतं. गौरांग आणि दीक्षा मधल्या गावांसाठी मोर्चे टाकत होते, ओरडत होते, एकमेकांचे पत्ते बाद करत होते. कौसल्याबाईंनी आपल्या गावासाठी मोर्चाचे सहा पत्ते हातात जमवून ठेवले. कोणी यावंच, त्या तयार होत्या. आपण काढलेल्या घरांवर कवडूनं केलेली लाकडी घरं बसलेली पाहून त्यांना आतून काहीतरी उमलल्यासारखं होत होतं.

कवडूनं चौथ्या फेरीत सगळ्यांत हलका पत्ता टाकला आणि त्यांच्या गावाचा एसटीचा थांबा घेतला.

"घ्या," कौसल्याबाई हसून म्हणाल्या. "थांबाच तं आहे."

"हव. थांबाच तं आहे."

पाचव्या फेरीत त्यानं शाळा घेतली. तिथंही लढाई नव्हती. शाळा घेण्यासाठी मोर्चा लागत नाही, एक साधा पत्ता पुरतो. दीक्षानं तसं ठेवलं होतं, कारण शाळा म्हणजे नुसते दोन गुण.

"कवडूकाका, घर घ्या न घर," गौरांग म्हणाला. "काकूंच्या शाळेचं काय करता?"

"घरापाशी कायले जाऊ? घरात मानूस असते. घरापाशी गेलं का तो काठी घेऊन उठते. शाळेपाशी कोणी उठत नाही."

सहाव्या फेरीत कौसल्याबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी सहाचे सहा पत्ते पाहिले. मोर्चा, मोर्चा, मोर्चा. घरावर कोणी आला तरच टाकता येणारे. कवडूची बोटं विहिरीकडे निघाली होती.

"कवडूभाऊ," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. "जरा थांबा न. एक फेरी."

"नोटीस देल्ली होती न बाई," कवडू हसत म्हणाला आणि विहीर उचलली.

दोन फेऱ्या. दोन फेऱ्या कौसल्याबाईंनी हातातले सहा पत्ते उलटेपालटे केले. टाकायला जागा नव्हती. त्यांच्यावर कोणी हल्लाच केला नव्हता. मग नियमाप्रमाणे कवडूनं हात पुढं केला आणि एकेक घर उचलून खोक्यात टाकायला लागला. टक. टक. तो घाईत नव्हता. ओसरीचं घर गेलं. गोठ्याचं गेलं. सायकलवाल्या घराशी तो क्षणभर थांबला, भिंतीला टेकलेल्या सायकलच्या चित्राकडे पाहिलं, "भारी काढली बाई," म्हणाला, आणि तेही उचललं.

खाली नकाशा राहिला. कौसल्याबाईंनी काढलेली पाच घरं, आता नुसती शाई.

कौसल्याबाईंनी सहाही पत्ते पालथे ठेवले. खेळ आहे, पुठ्ठा आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. समोर बसलेला माणूस दात नसलेल्या जागेतून हसत होता, आणि त्यानं त्यांना एकदाही मारलं नव्हतं, ढकललं नव्हतं, एक वाकडा शब्द बोलला नव्हता. लढायला पत्ते असून लढता न येणं म्हणजे काय, हे चौसष्ट वर्षांत त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि ते एका खेळात कळलं, याचा धक्का वेगळाच.

"अरे काय चाल आहे ही!" गौरांग उठून उभा राहिला होता. "एकही मोर्चा न टाकता पूर्ण गाव! आम्ही वर्षभर खेळून राहिलो, आम्हाला दिसलं नाही. कवडूकाका, तुम्ही जीनियस आहात."

"पुढचं गाव दाखवू का?" कवडू म्हणाला. त्यानं पुढच्या पाऊण तासात आणखी चार गावं तशीच रिकामी केली. थांबा, शाळा, विहीर. प्रत्येक वेळी तोच क्रम. दीक्षाचं हसू हळूहळू मावळत गेलं. शेवटी तिनंच विचारलं.

"काका, पहिले थांबाच काहून घेता? विहीर का नाही?"

"विहीर पह्यलं घेतली तं बोंब होते न पोरी. बाया घागरी घेऊन रस्त्यावर येतात. थांब्याचं कोणी मनावर घेत नाही. म्हणतात, एसटी बंद झाली, होईन चालू. मग पोट्टे तालुक्याले जाऊ शकत नाही, तं मोठ्या वर्गातले पोट्टे मामाकडं ठेवतात. शाळेत पोरायचा पट कमी होते. मग शाळा आपल्याआप बंद होते, तिच्यासाठी काही करा लागत नाही. मास्तरची बदली. मग राहते काय? विहीर. तवापर्यंत अर्धे लोक मनानं निघालेच राहतात." त्यानं खोक्यातल्या घरांवरून हात फिरवला. "आमचं असंच झालं. धरणात गेलं. पाणी तं सात वर्षांनी आलं, पण गाव त्याच्या पह्यलंच उठलं होतं. पाणी आलं तवा बुडवाले काही नव्हतंच."

 खालच्या दुकानातून कापड फाडल्याचा लांब आवाज आला.

"कोणतं गाव तुमचं?" कौसल्याबाईंनी विचारलं. 

"जांभुळखेडी."

त्यांनी मनातल्या मनात सगळे नकाशे उलटले. काटोल, नरखेड, अक्षरक्रमानं, शीट क्रमांकानं. जांभुळखेडी नव्हतं. दुसऱ्या कुठल्या तालुक्यातलं होतं, दुसऱ्या कुठल्या बाईच्या हातून गेलं होतं. कौसल्याबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो टाकता टाकताच त्यांना कोणीतरी छातीत बुक्की मारावी तसं झालं. मी सुटले? कशातून सुटले? जांभुळखेडी नसेल. पण बुडीत क्षेत्राचे नकाशे त्यांनीही केले होते. दोन होते, छोट्या धरणांचे. पाण्याच्या पातळीची रेघ ओढायची आणि तिच्या आतला भाग फिकट निळ्यानं रंगवायचा. निळा रंग एकसारखा बसणं फार अवघड, कुठंतरी डाग पडतोच. त्यांचा पडला नव्हता. साहेबांनी सगळ्या ऑफिसला बोलावून तो नकाशा दाखवला होता: रंग बघा कसा बसलाय. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं होतं. आईनं गोड केलं होतं त्या दिवशी. त्या निळ्याच्या खाली रेघा मारलेला एक चौकोन होता. चौकोनाचं नाव काय होतं? त्यांना आठवेना. चारशे गावं तोंडपाठ असलेल्या बाईला ते एक नाव आठवेना.

"काका, सॉरी," दीक्षा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आपण नियम नऊ काढून टाकू गौरांग. आजच."

"काहून?" कवडू म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "त्याच्याबिगर खेळात काय राहते? तुमी लोकं मोर्चा मोर्चा करून गाव घेता. मी तं कोणाले लढून गाव घेताना पाह्यलं नाही. आमच्याशी लढाले कोणी आलंच नाही न. आलं असतं तं आमी पाह्यलं असतं."

"पण काका, तुम्हाला वाईट नाही वाटत? तुम्हीच ती घरं केली, तुम्हीच उचलली."

कवडूनं मांडी बदलली, समोरच्या पुड्यातला मूठभर चिवडा घेतला. "खरं सांगू का? भल्ली मजा आली. तवा आपण पटावर होतो. आज हात आपला होता." तो मोकळेपणानं हसला, आणि त्या हसण्यात कडवटपणा शोधूनही सापडत नव्हता. कौसल्याबाई आ वासून त्याच्याकडे पाहत राहिल्या. तो रडला असता तर त्यांना समजलं असतं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. चिवडा खात बसलेला हा माणूस त्यांना समजत नव्हता.

"तुमच्यावेळी तुम्ही कोणाला विचारलं नाही?" गौरांगनं हळू आवाजात विचारलं. "म्हणजे, हे कोण करतंय म्हणून?"

"विचारलं न. सतरा वेळा विचारलं. जो ये तो नकाशा पसरे. आमी म्हणो, हा कोणं केला? तो म्हणे, मी नाही केला, ऑफिसातून आला. ऑफिसात गेलो तं म्हणे, वरून आला. नकाशावर पाह्यलं तं साहेबाची सही, तो साहेब बदलून गेल्ता. आमचा बुढा म्हणे, कवडू, हे निळं कोणं लावलं तेवढं पाहून ये रे, त्याले एकडाव गाव दाखवू." कवडूनं तळहातावरचा चिवडा झटकला. "नाही सापडला कोणी. आता शिव्या देऊन देऊन द्याव कोणाले?"

गौरांगनं चाचणीचे छापील कागद वाटले. खेळ किती आवडला, एक ते दहा. काय बदलावं, दोन ओळी. कवडूनं दहापैकी दहा दिले आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, 'नियम नऊ ठेवणे'. कौसल्याबाईंचा कागद कोराच राहिला. दोन वर्षं दर रविवारी इतरांच्या पटांवर त्यांनी भिंग धरलं होतं. नदी चुकली, शीव चुकली, माणसं कुठं गेली. आज पट त्यांचा होता. नद्या बरोबर होत्या, शिवा जुळत होत्या, माणसांची घरंही काढली होती, ओसरीसकट. आणि तरी गाव उठलं. आता चूक कुठं म्हणून बोट ठेवायचं?

"काकू," गौरांग म्हणाला, "नियम ठेवायचा की नाही, तुम्ही सांगा. तुमच्या प्रश्नापासून सुरू झाला खेळ. आणि तुमचं नाव आहे झाकणावर."

कौसल्याबाई उठल्या. भिंतीवरच्या झाकणापाशी गेल्या. वडिलांनी जे शोधलं होतं ते समोर होतं, पूर्ण, मोठ्या अक्षरात, वरच्यांच्या बरोबरीनं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"नियम राहू द्या," त्या म्हणाल्या. "या झाकणावरून माझं नाव काढा."

"आत्या!" दीक्षा ओरडली. "काहून? चार महिने खपलीस तू!"

"काकू, तुम्हाला पसंत नसेल तर आपण छपाई पुढे ढकलू," गौरांग म्हणाला.

"ढकलू नको. पसंत आहे." त्या परत येऊन पटासमोर बसल्या. पिशवीतून पेन काढलं. "झाकण कोण पाह्यते? दुकानात पाह्यते आन् ठेवून देते. नाव पटावर पाह्यजे. प्रत्येक गावात."

"प्रत्येक गावात? कुठे काकू? जागा नाही पटावर. सगळीकडे घरं आहेत."

"घराच्या खाली."

कोणाला लगेच समजलं नाही. कौसल्याबाईंनी उत्तरेच्या गावातल्या पहिल्या घराच्या चित्रावर, जिथं लाकडी घर बसलं की त्याच्या तळाखाली सगळं झाकलं जायचं बरोबर तिथं, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरांत लिहायला सुरुवात केली. 'हा नकाशा कौसल्या लोणारे यांनी काढला.' 'कौ. लो.' नाही. जोपर्यंत गाव बसलेलं आहे तोपर्यंत ते कोणाला दिसणार नव्हतं. जो घर उचलेल, त्यालाच दिसणार होतं.

कवडू वाकून, ओठ हलवत, एकेक अक्षर वाचत होता. त्याचं हसणं थांबलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदाच त्यानं कौसल्याबाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"बाई, तुमी नकाशाच्या ऑफिसात होत्या का?"

"तेहतीस वर्षं."

"निळं लावलं का कधी?"

दीक्षानं आत्याचा हात धरला. कौसल्याबाईंनी तो हळूच सोडवला. त्या हातात पेन होतं.

"दोन गावांचं," त्या म्हणाल्या. "तुमचं नव्हतं. पण दोन गावांचं लावलं."

 कवडूनं शिवी दिली नाही. समजलं, असंही म्हणाला नाही. खोक्यातलं एक घर उचलून त्याची बाजू अंगठ्यानं घासत राहिला, जशी खरखर राहिलेली लाकडाची वस्तू घासतात.

"पत्ता टाका मंग," तो शेवटी म्हणाला. "नुसत्या नावानं मानूस सापडत नाही."

गौरांग काहीतरी म्हणायला गेला, दीक्षानं त्याला डोळ्यांनी गप्प केलं. कौसल्याबाईंनी पेन पुन्हा टेकवलं आणि नावाखाली घराचा नंबर लिहिला, गल्ली लिहिली, इंदोरा लिहिलं, नागपूर लिहिलं. मग पट फिरवून दुसरं घर घेतलं. शंभर घरं होती.